क्वाबिन : आपल्या नळामागची चार गावे

आपल्या मंडळाची कुटुंबे बॉस्टनच्या चारी दिशांना विखुरलेली आहेत. कोणी क्विन्सीला, कोणी वॉल्थमला, कोणी लेक्सिंग्टनला, तर कोणी फ्रेमिंगहॅमला. घरे वेगळी, मुलांच्या शाळा वेगळ्या, पण या सगळ्या गावांत सकाळचा चहा मात्र एकाच पाण्याचा होतो. हे पाणी बॉस्टनच्या पश्चिमेला सुमारे ६५ मैलांवरच्या क्वाबिन नावाच्या जलाशयातून येते. फॉलमध्ये रंग पाहायला रूट ९ ने गेलेल्या मंडळींनी तो पाहिला असेल, फोटोही काढले असतील. पण तिथे मुळात तळे नव्हतेच, चार नांदती गावे होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मी पेशाने केमिस्ट. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत मला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत. "इथले नळाचे पाणी तसेच प्यायचे का गं?" "फिल्टर कुठला घ्यावा?" "देशातून सासूबाई आल्यात, त्या पाणी उकळल्याशिवाय पीत नाहीत, उकळून द्यावे का?" या प्रश्नांची नीट उत्तरे द्यायची तर क्वाबिनची हकीकत सांगावी लागते, आणि ती काही चहाच्या रांगेत सांगून होत नाही. म्हणून हा लेख.

तहानलेले शहर

बॉस्टन समुद्रकाठचे शहर. सभोवती पाणीच पाणी, पण खारे. वस्ती वाढली तशा शहरातल्या विहिरी खराब होऊ लागल्या. १८४८ मध्ये पश्चिमेकडच्या कोचिच्युएट तलावाचे पाणी शहरात आणले गेले. २५ ऑक्टोबर १८४८ रोजी बॉस्टन कॉमनवरच्या फ्रॉग पाँडमध्ये त्या पाण्याचे कारंजे उडाले तेव्हा सारे शहर तिथे लोटले होते. (आपल्या मुंबईला विहार तलावाचे पाणी मिळू लागले १८६० मध्ये, म्हणजे दोन्ही शहरांची तहान साधारण एकाच काळातली.)

पण तहान भागली नाही. १८७० च्या दशकात सडबरी नदीवर जलाशय बांधले. तेही अपुरे पडू लागले, तेव्हा १८९५ मध्ये बॉस्टन आणि आसपासच्या गावांसाठी एक सामाईक पाणी-मंडळ स्थापन झाले आणि आणखी पश्चिमेला, क्लिंटनजवळ, वाचुसेट जलाशय बांधायला घेतला. त्याचे धरण १९०५ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी सुमारे १,७०० माणसांना घरे सोडावी लागली. वुस्टरकडे राहणाऱ्यांनी वेस्ट बॉयल्स्टनला पाण्याच्या काठावर एकटेच उभे असलेले दगडी चर्च पाहिले असेल. ते त्या वेळच्या वस्तीची खूण म्हणून राहिले आहे.

वाचुसेटही पुरणार नाही हे १९२० च्या सुमारास दिसू लागले. आता दोन रस्ते होते. एक, जवळच्या नद्यांचे पाणी घेऊन ते गाळून वापरायचे. दुसरा, आणखी लांब जाऊन मुळातच स्वच्छ असलेले पाणी आणायचे. राज्याने दुसरा रस्ता धरला. १९२६ मध्ये वेअर नदीचे आणि १९२७ मध्ये स्विफ्ट नदीचे पाणी घेण्याचा कायदा झाला. खालच्या अंगाला असलेल्या कनेटिकट राज्याने हरकत घेतली आणि भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेले. आपल्याकडच्या कृष्णेच्या पाणीतंट्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. १९३१ मध्ये निकाल मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने लागला.

चार गावे

स्विफ्ट नदीचे खोरे टेकड्यांनी वेढलेले, तळाला रुंद आणि दक्षिणेला तोंड अरुंद. तोंड बंद केले की खोऱ्याचे भांडे तयार! इंजिनियरच्या डोळ्यांनी पाहिले तर अशी जागा शोधून सापडायची नाही. पण त्या भांड्यात डॅना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट अशी चार गावे वसलेली होती. ग्रीनिच सर्वांत जुने, १७५४ चे. डॅना १८०१, एनफिल्ड १८१६ आणि प्रेस्कॉट १८२२ चे. शेतीवाडी, गिरण्या, ताडपानांच्या टोप्या विणण्याचा धंदा, हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून विकण्याचा धंदा असे तिथले जीवन. अॅथॉलहून स्प्रिंगफील्डला जाणारी रेल्वे खोऱ्यातून जायची. इतक्या ठिकाणी थांबत थांबत जायची की लोकांनी तिला 'रॅबिट रन', म्हणजे सशाची धाव, असे नाव दिले होते.

त्याही आधी हा मुलूख निपमक लोकांचा होता. 'क्वाबिन' हा शब्द त्यांचाच, अर्थ पुष्कळ पाण्याची जागा. नाव राहिले, ज्यांचे ते नाव, त्यांची जमीन मात्र कधीच गेली होती. आपण विस्थापितांची गोष्ट सांगताना पहिले विस्थापित हे, एवढे ध्यानात ठेवावे.

धरणाची नुसती कुणकुण लागल्यापासून खोऱ्याला उतरती कळा लागली. बुडणार असलेल्या गावात नवे घर कोण बांधणार? दुकान कोण टाकणार? जमिनी सरकारने विकत घेतल्या, एकरी सरासरी १०८ डॉलर भावाने. सुमारे २,५०० माणसे उठली. रेल्वे १९३५ मध्ये बंद झाली. घरे पाडली गेली, काही उचलून दुसऱ्या गावांत नेली गेली. प्रेस्कॉटचे एक चर्च तर साउथ हॅडलीला नेऊन उभे केले. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे. शेवटी झाडे तोडायला बॉस्टनहून माणसांच्या टोळ्या आणल्या. मंदीचे दिवस होते, त्या लोकांनाही काम हवे होते. पण त्यातल्या अनेकांनी आयुष्यात कधी कुऱ्हाड धरलेली नव्हती. गावकऱ्यांनी त्यांना 'वुडपेकर' म्हणजे सुतारपक्षी असे नाव ठेवले. आपल्याच जमिनीवर चाललेली ही तोडातोड पाहताना त्यांना काय वाटले असेल ते त्या नावातच आले.

जिवंत माणसांबरोबर मेलेल्यांनाही हलावे लागले. ७,५०० हून अधिक थडगी उकरून त्यांतले अवशेष बहुतांशी वेअर गावातल्या क्वाबिन पार्क सेमेटरीत नेऊन पुन्हा पुरले. पाणी स्वच्छ राहावे म्हणून हे करणे भागच होते.

२७ एप्रिल १९३८ च्या रात्री एनफिल्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा समारंभ झाला. ऑर्केस्ट्रा होता, नाच होता, गावातले आणि बाहेरचे मिळून हजारांवर लोक जमले होते. बाराचे ठोके पडले आणि २८ तारीख लागताच चारही गावे कायद्याने संपली. त्यांचे नाव मॅसॅच्युसेट्सच्या गावांच्या यादीतून गेले. आजही कुणाच्या जन्मदाखल्यावर 'एनफिल्ड' असेल, पण ते गाव नकाशात सापडायचे नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्याखाली अख्खी गावे उभी आहेत, दुष्काळात चर्चचे कळस वर दिसतात, अशा गोष्टी आपल्या मुलांनी शाळेत ऐकलेल्या असतात. आपल्या उजनी धरणात पाणी ओसरले की पळसदेवचे देऊळ खरोखरच वर येते, त्यामुळे आपल्याला ते पटतेही. पण क्वाबिनच्या तळाशी तसे काही नाही. इमारती पाडून, झाडे कापून, खोरे साफ करून मगच पाणी सोडले गेले. तळाशी आहेत ते रस्ते, दगडी बांध आणि तळघरांचे खड्डे.

मोठे भांडे

स्विफ्ट नदीवरचे मुख्य धरण म्हणजे विन्सर डॅम. लांबी २,६४० फूट, नदीच्या पात्रापासून उंची १७० फूट. मुख्य इंजिनियर फ्रँक विन्सर यांचे नाव त्याला दिले आहे. जलाशय भरायला लागण्याआधीच, १९३९ च्या जानेवारीत, ते वारले. दुसरा बांध गुडनो डाइक, ही योजना पुढे रेटणारे इंजिनियर गुडनो यांच्या नावाचा. दोन्ही मातीची धरणे आहेत. माती पाण्यात कालवून पाइपांतून आणली आणि थरांवर थर बसवले. पाणी खालून झिरपू नये म्हणून आतली भिंत थेट खडकापर्यंत नेली आहे. आज वरून पाहिले तर धरण वाटतही नाही, हिरवळ लावलेला मोठा उतार वाटतो.

१४ ऑगस्ट १९३९ रोजी पाणी साठवायला सुरुवात झाली आणि जून १९४६ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. म्हणजे भरायलाच जवळजवळ सात वर्षे लागली. क्षेत्रफळ ३९ चौरस मैल, लांबी १८ मैल, जास्तीत जास्त खोली १५१ फूट. साठा ४१२ अब्ज गॅलन. हा आकडा ऐकून आपल्याला काहीच अंदाज येत नाही, म्हणून मी तो आपल्या ओळखीच्या टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत करून पाहिला. होतात सुमारे ५५ टीएमसी. कोयना धरण १०५ टीएमसीचे, म्हणजे क्वाबिन त्याच्या निम्म्याहून थोडे मोठे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या पुण्याच्या चार धरणांचा उपयुक्त साठा मिळून २९ टीएमसीच्या आसपास. क्वाबिन त्याच्या जवळजवळ दुप्पट.

फरक एवढाच की आपल्याकडची धरणे चार महिन्यांच्या पावसावर भरतात आणि उन्हाळ्यात तळ गाठतात. इथे पाऊस-बर्फ वर्षभर थोडा थोडा. त्यामुळे हे भांडे एका वर्षाचे नसून अनेक वर्षांचे आहे. १९६० च्या दशकातल्या दुष्काळात साठा उतरत उतरत १९६७ मध्ये ४५ टक्क्यांवर आला आणि पुन्हा पूर्ण भरायला १९७६ उजाडले. तरीही शहराचे नळ कोरडे पडले नाहीत.

आता पाण्याचा प्रवास पाहा. क्वाबिनची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ५३० फूट, वाचुसेटची ३९५. त्यामुळे पाणी पंपाविना, नुसत्या उताराने, २४.६ मैल लांबीच्या बोगद्यातून क्वाबिनकडून वाचुसेटला जाते. गंमत म्हणजे हाच बोगदा उलटही चालतो. ठराविक महिन्यांत, वेअर नदीला भरपूर पाणी असले की ते बोगद्यात सोडतात आणि ते पश्चिमेला क्वाबिनमध्ये जाऊन साठते. आत शिरल्यावर ते लगेच बाहेर पडू नये म्हणून पाण्यात आडवे बांध घातले आहेत. नवे पाणी बेटांना वळसा घालत मोठा फेरा करते. या फेऱ्यात गाळ तळाला बसतो, सूर्यप्रकाशाने जंतू मरतात. म्हणजे शुद्धीकरणाचे पहिले काम नुसता वेळच करतो, आणि तेही फुकट.

न गाळलेले पाणी

आता केमिस्टच्या प्रांतात येते. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण आपल्या नळाचे पाणी गाळलेले नाही! अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत पाणी वाळूच्या गाळण्यांतून जाते. बॉस्टन, न्यू यॉर्क, सॅन फ्रान्सिस्को अशी थोडीच शहरे त्यातून सुटली आहेत. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या जंतूने चार लाखांच्या आसपास माणसे आजारी पडली. क्लोरीनला तो जंतू दाद देत नाही. त्यानंतर बॉस्टननेही गाळणी बांधावी असा केंद्राच्या पर्यावरण खात्याचा आग्रह होता. प्रकरण कोर्टात गेले. पाणीपुरवठा करणाऱ्या मॅसॅच्युसेट्स वॉटर रिसोर्सेस अथॉरिटीचे म्हणणे होते की आमचे पाणलोट क्षेत्र सुरक्षित आहे, तोच पैसा ओझोन आणि जुने पाइप बदलण्यावर खर्च करू द्या. २००० साली कोर्टाने ते मान्य केले.

त्याप्रमाणे २००५ पासून मार्लबरोच्या केंद्रात पाण्याला ओझोन देतात. २०१४ मध्ये त्यात अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाची भर पडली. त्या प्रकाशाने जंतूंच्या डीएनएची मोडतोड होते आणि त्यांची वाढ खुंटते. मिलवॉकीचा तो जंतूही यातून सुटत नाही.

पण खरी गाळणी आहे ती जंगल. क्वाबिनभोवतीचे रान पावसाचे पाणी मुरवून, गाळून हळूहळू खाली सोडते. म्हणून तिथे पोहायला बंदी, कुत्री न्यायला बंदी. मासेमारीच्या बोटी ठराविक भागातच आणि तपासणी करून, कारण २००९ मध्ये या राज्यातल्या एका तलावात झेब्रा शिंपले सापडले आणि ते बोटींना चिकटून पसरतात. पाणी उचलण्याच्या जागेपाशी सीगल पक्ष्यांनी मुक्काम करू नये म्हणून बोटींतून फटाक्यांसारखे आवाज करून त्यांना हाकलतात! आणि १९९१ पासून ठराविक दिवशी हरणांच्या शिकारीला परवानगी आहे. अनेक वर्षे शिकार नव्हती, हरणे इतकी माजली की कोवळी रोपे शिल्लक राहीनात. रोपे नाहीत तर उद्याचे जंगल नाही, आणि जंगल नाही तर गाळणी नाही. आपल्यापैकी अनेकांना ही शिकार रुचणार नाही, मलाही ऐकल्यावर कसेसे झाले. पण कारण समजून घ्यावे असे आहे.

उलट बाजूने, निर्मनुष्य काठामुळे काही पाहुणे परत आले. बॉल्ड ईगल हा अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी या राज्यातून घरटी करायचा नाहीसा झाला होता. १९८२ ते १९८८ या काळात ४१ पिल्ले बाहेरून आणून क्वाबिनकाठी वाढवली आणि सोडली. १९८९ मध्ये त्यांची घरटी दिसली. आता ते राज्यभर दिसतात.

स्वयंपाकघरातल्या सूचना

शाळेत आपण 'सुफेन' आणि 'दुष्फेन' पाणी शिकलो होतो. क्वाबिनचे पाणी अगदी सुफेन. या भागातला खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, चुनखडी जवळजवळ नाही, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम कमी. म्हणून साबणाला भरपूर फेस येतो, डाळ लवकर शिजते आणि गीझरात क्षार साठत नाहीत. पण असे मऊ पाणी थोडे आम्ल असते आणि धातूचे पाइप खाते. ते थांबवण्यासाठी केंद्रात सोडा अॅश आणि कार्बन डायऑक्साइड घालून पाण्याचा पीएच नऊच्या वर नेतात. असे केल्याने पाइपच्या आत पातळ थर धरतो आणि शिसे किंवा तांबे पाण्यात कमी उतरते.

हे शिसेच काळजीचे. ते जलाशयात नाही, बोगद्यात नाही. असलेच तर रस्त्यापासून आपल्या घरापर्यंत येणाऱ्या जुन्या पाइपात किंवा घरातल्या जुन्या डाखणात असते. समरव्हिल, मेडफर्ड, माल्डनकडच्या जुन्या घरांत भाड्याने राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. तेव्हा:

१. बेसमेंटमध्ये मीटरपाशी आत येणारा पाइप पाहा. किल्लीने हलकेच खरवडा. तांब्याच्या नाण्यासारखा रंग दिसला तर तांबे. चंदेरी चकाकी आली आणि लोहचुंबक चिकटले नाही तर बहुधा शिसे. चुंबक चिकटले तर लोखंड.

२. शिशाचा पाइप निघाला तर गावच्या पाणीखात्याला फोन करा. पुष्कळ गावांत तो बदलून देण्याच्या योजना आहेत. २०२४ मध्ये केंद्राने असे सगळे पाइप बदलण्याचा नियमही जाहीर केला आहे.

३. पिण्याला आणि स्वयंपाकाला नेहमी थंड नळाचेच पाणी घ्या. चहा लवकर व्हावा म्हणून गरम नळाचे पाणी घेण्याची सवय पुष्कळ घरांत आहे, ती मोडा. गरम पाण्यात शिसे जास्त विरघळते.

४. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात शिशाचे प्रमाण वाढते. सासूबाईंना समाधान वाटत असेल तर जरूर उकळून द्या, इथे त्याची एरवी गरज नाही एवढेच. बाळासाठी मात्र आधी पाइपाची खात्री करा.

५. सकाळी पहिला नळ सोडला की पाणी गारेगार लागेपर्यंत वाहू द्या. ते पाणी बादलीत धरून तुळशीला घाला, वाया घालवू नका.

६. फिल्टर घ्यायचाच असेल तर शिसे काढण्याचे प्रमाणपत्र असलेला घ्या आणि काडतूस वेळेवर बदला. जुना, तुंबलेला फिल्टर असण्यापेक्षा नसलेला बरा.

७. आपल्या पाण्यात साधा क्लोरीन नाही, क्लोरामीन असते. ते लांबच्या पाइपांत जास्त टिकते. पाणी रात्रभर उघडे ठेवले तरी ते उडून जात नाही. पिणाऱ्याला त्याचा त्रास नाही, पण मुलांच्या माशांच्या टाकीत पाणी घालताना दुकानात मिळणारे औषध जरूर घाला.

एक खुलासा. सगळ्यांच्याच नळाला क्वाबिन नाही. केंब्रिजचे पाणी फ्रेश पाँडचे, वुस्टरचे स्वतःचे जलाशय, श्रूजबरी आणि अॅक्टन विहिरींवर. तुमचे पाणी कुठले हे गावाच्या वार्षिक पाणी-अहवालात दिलेले असते. तो अहवाल न वाचता टाकून देऊ नका. फार तर दहा मिनिटे लागतात.

पाचवे खोरे

क्वाबिनची बुडवण्याची गोष्ट बऱ्याच ठिकाणी छापून येते. तिथे न घडलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते.

क्वाबिन आणि वाचुसेट मिळून दिवसाला ३० कोटी गॅलन पाणी निर्धोकपणे देऊ शकतात असा हिशेब आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत मागणी त्याच्या वर गेली. जुन्या विचाराप्रमाणे पुढचे पाऊल ठरलेले होते: आणखी पश्चिमेला जायचे आणि कनेटिकट नदीचे पाणी वळवायचे. योजना तयार होती. पण या वेळी पश्चिमेकडच्या लोकांनी कडाडून विरोध केला आणि शहराला विचारले, तुमच्या गळक्या पाइपांचे काय?

प्रश्न बिनतोड होता. रस्त्याखालचे गळणारे पाइप शोधून दुरुस्त केले गेले, लाखो घरांत कमी पाण्याच्या तोट्या बसवल्या, आणि फ्लशला १.६ गॅलनच पाणी लागेल असे संडास बंधनकारक करणारे मॅसॅच्युसेट्स हे देशातले पहिले राज्य ठरले. परिणाम? मागणी दिवसाला ३४ कोटी गॅलनच्या आसपास पोचली होती, ती २० कोटींच्या आसपास उतरली. आणि हे सारे लोकसंख्या वाढत असताना. पाचवे खोरे वाचले, एक विटही न रचता.

आपण मराठी माणसांनी ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभे राहून १९२१ ते १९२४ धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालेच, आणि त्याची वीज मुंबईला गेली. त्यानंतर तीनच वर्षांत इथे स्विफ्ट नदीचा कायदा झाला. खोरे डोंगरातले, माणसे थोडी, मते थोडी; शहर दूर, मोठे आणि तहानलेले. हिशेब दोन्हीकडे सारखाच मांडला गेला. अडीच हजार माणसांचे नुकसान आणि पंचवीस लाखांहून अधिक माणसांचे पाणी, हा व्यवहार रास्त होता का, यावर मी निकाल देणार नाही. तो देण्याचा अधिकार त्या पाण्यावर वाढणाऱ्या आपल्याला कितपत आहे, हाही प्रश्न आहे. पण देणे आहे, हे नाकारता येणार नाही. क्वाबिनभोवतीची आजची गावेही हेच म्हणतात. पाणी जपायचे म्हणून आमच्याकडे वाढीला मर्यादा, मग शहराने आम्हाला पुरेसा मोबदला द्यावा, अशी त्यांची मागणी आहे, आणि अलीकडे राज्याच्या विधिमंडळात तशी विधेयकेही मांडली गेली. आपल्या भागाचे प्रतिनिधी त्यावर काय म्हणतात याची चौकशी मतदार म्हणून आपण करू शकतो.

१ मे २०१० रोजी वेस्टनजवळ दहा फूट व्यासाच्या मुख्य पाइपाचा सांधा निखळला. सुमारे २० लाख लोकांना तीन दिवस पाणी उकळून प्यावे लागले आणि दुकानांतल्या बाटल्या काही तासांत संपल्या. नळाची किंमत त्या तीन दिवसांत सगळ्यांना कळली. चौथ्या दिवशी पुष्कळजण विसरले. आजही आपल्या कार्यक्रमांना आपण प्लास्टिकच्या बाटल्यांची खोकीच्या खोकी आणतो. क्वाबिनचे पाणी हॉलच्या नळाला येत असताना बाटल्या विकत आणणे मला तरी अन्नावर पाय देण्यासारखे वाटते. पुढच्या गणपतीला मोठे जग आणि पेले ठेवावेत असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे.

पाहायला जायचे असेल तर

बेलचरटाउनला रूट ९ वर क्वाबिन पार्क आहे. विन्सर डॅम, माहिती केंद्र आणि टेकडीवरचा मनोरा तिथेच. एनफिल्ड लुकआउटवर थांबा. समोर पाण्यात दिसणारी बेटे म्हणजे जुन्या टेकड्यांचे माथे, आणि खाली पाणी आहे तिथे एनफिल्ड होते. जवळच रूट ९ वर क्वाबिन पार्क सेमेटरी आहे. चार गावांची युद्धस्मारकेही तिथे आणून ठेवली आहेत.

वेळ असेल तर पीटरशॅमजवळ रूट ३२-ए वरच्या गेट ४० मधून चालत डॅना कॉमनला जा. जुन्या रस्त्याने पावणेदोन मैलांच्या आसपास अंतर आहे, मुलांना आणि आजी-आजोबांनाही जमेल. डॅनाचा हा भाग पाण्याच्या वर राहिला. मधली हिरवळ तशीच आहे, भोवती घरांच्या तळघरांचे दगडी चौकोन. घरे आणि जगण्याची रीत सोडून गेलेल्यांच्या नावे तिथे एक दगड बसवला आहे. न्यू सेलमला स्विफ्ट रिव्हर व्हॅली हिस्टॉरिकल सोसायटीचे संग्रहालय आहे. जाण्याआधी ते कधी उघडे असते ते विचारून घ्या.

डबा घरून न्या, वाटेत फारशी दुकाने नाहीत. कचरा परत आणा. कुत्रा घरीच ठेवा, आणि पाण्यात पाय बुडवायचा मोह आवरा. फॉलमध्ये मंडळातर्फे एक सहल काढावी असा विचार आहे. पंधरा-वीस कुटुंबे तयार असतील तर सहल-समितीला कळवावे. पाण्याच्या बाटल्या घरच्या नळावरच भरून आणाव्यात, ही एकच अट.